औषध बेडकाला, आजार डबक्याला

गजकर्ण झालेला रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला, की चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टर दोन-चार प्रश्न विचारतात. घरात आणखी कोणाला खाज आहे का? टॉवेल वेगळा आहे का? कपडे उन्हात वाळतात का? रुग्णाला हे प्रश्न उगाच वाटतात. त्याला गोळी हवी असते. गोळी मिळते, चट्टा जातो आणि महिन्याभरात पुन्हा उगवतो. मग औषधाला, डॉक्टरांना, नशिबाला दोष दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा खुंटीवर लटकत असते. अंगावरची बुरशी मेलेली असते, टॉवेलवरची नाही.

या गोळ्यांमधले एक ओळखीचे नाव म्हणजे इट्राकोनॅझोल. याच औषधाने भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर चिमुकल्या भेकांच्या पिल्लांना अंघोळ घातली गेली. पहिल्या खेपेला तिथेही नेमके तेच झाले, जे आपल्या घरात होते. पिल्ले बरी झाली, आपल्या डबक्यात परतली आणि पुन्हा आजारी पडली. या बेटाची गोष्ट बेडकांपुरती नाही. निसर्गावर उपकार करायला निघालेल्या प्रत्येकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, वनखाते, महापालिका आणि प्राणिमित्र मंडळी, सगळ्यांनीच ती नीट समजून घ्यायला हवी.

बेटाचे नाव मायोर्का. स्पेनच्या पूर्वेला असलेल्या बॅलेआरिक बेटांमधले हे सर्वांत मोठे. जगाला ते ठाऊक आहे समुद्रकिनारे आणि हॉटेलांसाठी. वर्षाला एक कोटीहून अधिक पर्यटक तिथे येतात. पण बेटाच्या वायव्य कडेला सेरा दे त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे, तिचा चेहरा अगदी वेगळा आहे. चुनखडीचा खडक, पावसाच्या पाण्याने कापत नेलेल्या खोल अरुंद घळी, उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे आणि त्यांच्या तळाशी खडकाच्या खोलगट कुंडांत साठून राहिलेले पाणी. आपल्याकडच्या रांजणखळग्यांची आठवण व्हावी अशी ही कुंडे. शेकडो वर्षांच्या मानवी श्रमाने घडलेल्या डोंगरउतारांमुळे या रांगेला २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या घळींमध्ये एक भेक राहतो. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, पण बराच वेळ पाण्याबाहेर काढणारा. हा तर काडेपेटीहून लहान आहे. चपटे अंग, लांब पाय, मोठे डोळे. खडकाच्या फटीत शिरून बसायला सोयीचा बांधा. रात्री तो टिंग, टिंग असा बारीक धातूसारखा आवाज काढतो. ऐरणीवर हातोडी पडावी तसा. म्हणून स्थानिक कातालान भाषेत त्याला ‘फेरेरेत’, म्हणजे छोटा लोहार म्हणतात. त्याच्या कुळाला सुईण-भेक हे नाव आहे, पण सुईणीचे काम करतो तो नर. मादीने घातलेल्या अंड्यांची माळ तो आपल्या मागच्या पायांभोवती गुंडाळून घेतो आणि काही आठवडे ती घेऊन हिंडतो. पिल्ले बाहेर यायची वेळ झाली की तो पाण्यात उतरतो. बाकीचे बेडूक हजारोंनी अंडी घालून मोकळे होतात. फेरेरेतच्या एका माळेत जेमतेम दहा-बारा. इतक्या थोड्या लेकरांवर वंश चालवायचा, तर एकेक पिल्लू मोलाचे.

शास्त्रज्ञांना हा प्राणी आधी भेटला तो हाडांच्या रूपात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मायोर्कातल्या मुलेता गुहेतल्या जीवाश्मांवरून त्याचे वर्णन झाले, तेव्हा तो कधीच नामशेष झाला असे समजले गेले. आणि १९८० च्या सुमारास डोंगरातल्या घळींमध्ये तो चक्क जिवंत सापडला. मृत्यूची नोंद आधी झाली आणि जन्मदाखला नंतर मिळाला, असा हा प्रकार.

मग प्रश्न आला की एके काळी बेटभर पसरलेला हा भेक फक्त दुर्गम घळींमध्येच का उरला? उत्तर माणसाच्या पावलांशी जाऊन पोहोचते. मायोर्का लाखो वर्षे मुख्य भूमीपासून तुटलेले होते. तिथे या भेकाला खाणारा पाणसाप नव्हता आणि त्याच्या वाट्याचे पाणी बळकावणारा दुसरा मोठा बेडूक नव्हता. माणसे आली, त्यांच्या होड्यांबरोबर, सामानाबरोबर पाणसापाची एक जात आली. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, रोमन काळात ती आली असावी, असे मानले जाते. मुख्य भूमीवरचा हिरवा बेडूकही आला. सपाटीवरची तळी फेरेरेतच्या हातून गेली. जिथे साप सहज पोहोचू शकत नव्हता, त्या उभ्या कड्यांच्या घळी तेवढ्या उरल्या. म्हणजे आज आपण ज्याला त्याचा नैसर्गिक अधिवास म्हणतो, ते त्याचे मूळ घर नाही. घरातून हुसकावलेल्याने गाठलेला तो शेवटचा कोपरा आहे. अधिवास वाचवण्याच्या गप्पा मारताना हा फरक आपण नेहमी विसरतो. एखादा प्राणी आज जिथे दिसतो, तीच त्याची आवडती जागा असे नसते. पुष्कळदा ती फक्त आपण न पोहोचलेली जागा असते.

पुढचा भाग कौतुकाचा आहे. निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल यांनी जर्सी बेटावर उभ्या केलेल्या प्राणिसंग्रहालयाने १९८० च्या दशकात मायोर्काहून काही भेक आणले आणि त्यांची वीण वाढवली. १९८९ पासून तिथे जन्मलेली पिल्ले मायोर्कात सोडायला सुरुवात झाली. काही नैसर्गिक कुंडांत, काही गुराढोरांसाठी बांधलेल्या जुन्या हौदांत आणि पाणसाठ्यांत. बेटावरच्या लोकांनी साथ दिली. नव्या ठिकाणी भेक रुजले, पिल्ले होऊ लागली. जगातल्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत हा भेक आधी सर्वांत गंभीर वर्गात होता. २००४ मध्ये त्याला त्याहून सौम्य वर्गात ठेवण्यात आले. बेडकांच्या जगात अशी बढती फार थोड्यांच्या नशिबी येते. हा प्रयोग आदर्श म्हणून सांगितला जाऊ लागला.

आणि मग कळले की घळींमधल्या काही डबक्यांत एक परकी बुरशी आहे.

ही कायट्रिड जातीची बुरशी. तिचे सूक्ष्म बीजाणू पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या कातडीत घुसतात. आपल्यासाठी कातडी म्हणजे अंगावरचे आवरण. बेडकासाठी ती फुप्फुसाचे, मूत्रपिंडाचे आणि पाणी पिण्याच्या तोंडाचे काम थोडे थोडे करणारा अवयव आहे. रक्तातले सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार तीच सांभाळते. बुरशीने कातडी बिघडली की हे क्षार घसरतात आणि शेवटी हृदय थांबते. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाचे, शाळेच्या पुस्तकातल्या भैकेराचे, तसे नसते. त्याच्या कातडीत बुरशीला हवे असलेले केराटिन नसते, ते फक्त तोंडाभोवतीच्या भागात असते. त्यामुळे भैकेर मरत नाही, बुरशी बाळगत राहते. फेरेरेतची काही भैकेरे तर हिवाळाभर पाण्यातच राहतात. थंड पाणी या बुरशीला मानवते. आजार वर्षानुवर्षे टिकायला आणखी काय हवे?

या बुरशीने जगात किती हानी केली, याचा हिशेब २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. किमान ५०१ उभयचर जाती तिच्यामुळे घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. एका रोगाने प्राण्यांच्या इतक्या जातींवर घाव घातल्याची दुसरी नोंद नाही.

मायोर्कात ती आली कशी? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर कटू होते. डबक्यांतल्या बुरशीचा वंश दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या बुरशीशी जुळत होता. जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात केप भागातला एक बेडूक ठेवलेला होता, तोही धोक्यातल्या जातीचा, तोही वाचवण्यासाठीच आणलेला. त्याच्याकडून रोग फेरेरेतकडे गेला आणि जर्सीहून आणून सोडलेल्या पिल्लांबरोबर मायोर्काच्या घळीत उतरला, हीच शक्यता सर्वांत मोठी ठरली. रुग्ण बरा व्हावा म्हणून त्याला दवाखान्यात न्यावे आणि शेजारच्या खाटेवरचा संसर्ग घेऊन त्याने घरी यावे, तसे झाले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

इथे थोडा न्याय करायला हवा. ही बुरशी शास्त्राला ओळखू आली १९९८ मध्ये, तिला नाव मिळाले १९९९ मध्ये. पिल्ले सोडायला सुरुवात झाली त्याच्या दहा वर्षे आधी. ज्या रोगाला नावच नव्हते त्याची तपासणी कोणी करणार कशी? हे खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘कोणाचाच दोष नाही, पुढे चला’ हा नव्हे. उलट, आज आपल्याला ज्याचे नाव ठाऊक नाही असाही एखादा रोग असू शकतो, असे धरून चालणे म्हणजेच खबरदारी. दोन दूरच्या देशांतले प्राणी एका छताखाली न ठेवणे, बाहेर सोडायची पिल्ले वेगळ्या खोलीत, वेगळ्या पाण्यात, वेगळ्या माणसांच्या हाताखाली वाढवणे, यासाठी बुरशीचे नाव माहीत असावे लागत नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याची पद्धत जंतूंचा सिद्धांत सर्वमान्य होण्याआधीच सुरू झाली होती. हात धुण्याने मृत्यू कमी होतात, एवढे दिसत होते आणि तेवढे पुरेसे होते.

आणि दाद द्यायची ती दुसऱ्याच गोष्टीला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे धोरण या मंडळींना सहज स्वीकारता आले असते. आदर्श म्हणून मिरवलेल्या प्रकल्पावर डाग पडणार होता. तरीही त्या कामाशी जोडलेल्या संशोधकांनी स्वतः सहभागी होऊन हा निष्कर्ष छापला. मूठ उघडली म्हणून पुढचा इलाज शक्य झाला. आपल्याकडे रोपवन फसले, सोडलेले प्राणी मेले, तळे सुशोभित करताना त्यातले जीवन संपले, तर त्याचा अहवाल कोणाला वाचायला मिळतो? समारंभाचे फोटो असतात, वर्षानंतरची मोजणी नसते. विज्ञान फक्त यशाने पुढे जात नाही, नीट लिहून ठेवलेल्या अपयशानेही जाते.

आता इलाजाकडे. स्पॅनिश आणि ब्रिटिश संशोधकांनी पाच वर्षे हे काम केले. संसर्ग असलेल्या डबक्यांमधली भैकेरे त्यांनी गोळा केली, प्रयोगशाळेत नेली आणि इट्राकोनॅझोल घातलेल्या पाण्यात ठेवून त्यांच्यावर उपचार केले. पिल्ले बुरशीमुक्त झाली. ती आपापल्या डबक्यात परत सोडली आणि थोड्याच काळात संसर्ग पुन्हा पहिल्या पातळीवर गेला. टॉवेल तोच होता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पिल्लांबरोबर घरही धुतले. डबकी उपसून रिकामी केली आणि खडकांवर तीव्र जंतुनाशक फवारले. पशुवैद्यकीय दवाखान्यांत आणि गोठ्यांत वापरतात त्या प्रकारचे. मगच उपचार झालेली पिल्ले स्वच्छ पाण्यात गेली. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. संसर्गाची नोंद असलेल्या पाचपैकी चार डबक्यांतून बुरशी गेली आणि दोन वर्षे ती परतली नाही. खुल्या निसर्गातून हा रोग हटवण्याचे जगातले हे पहिले यश मानले जाते.

रानातल्या खडकावर जंतुनाशक ओतणे, हे वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. त्या डबक्यातले शेवाळ, किडे, डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव त्यात मेले असणार. मग हे योग्य होते का? माझ्या मते होते, पण फक्त तिथे. कारण मायोर्काच्या त्या घळींमध्ये तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. उभयचर म्हणावा असा तिथे हा एकच भेक, म्हणजे बुरशीला लपायला दुसरे अंग नाही. संसर्ग असलेली डबकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि उपसता येण्याजोगी. आणि त्या भागातून तो भेक गेला तर जगात दुसरीकडे कुठेही तो मिळणार नाही. त्यात नशिबाने एक चौथी गोष्टही साथीला होती. तिथे पोहोचलेला बुरशीचा वंश जगभर धुमाकूळ घालणाऱ्या वंशापेक्षा सौम्य होता. तो दुसरा वंश आला असता, तर पाच वर्षे प्रयोग करायला भेक उरले असते का, हा प्रश्नच आहे.

म्हणूनच या यशोगाथेतला सर्वांत महत्त्वाचा धडा तिच्या यशात नाही. तो या अटींमध्ये आहे. असा इलाज जिथे चालतो अशा जागा जगात फारच थोड्या आहेत. आपला सह्याद्री त्यात नाही.

सह्याद्रीचा विषय इथे ओढून आणलेला नाही. कायट्रिड बुरशी आपल्याकडे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या, धोक्यातल्या आणि फक्त याच डोंगरात राहणाऱ्या बेडकांवर ती सापडली. सापडलेला वंश आशियातलाच, इथे बहुधा फार काळापासून असलेला. मध्य अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात झाले तसे बेडकांचे मृत्युसत्र इथे नोंदले गेलेले नाही. इथली बुरशी आणि इथले बेडूक यांनी एकमेकांना सांभाळून घेतले असावे. पण हा समेट घरच्या बुरशीशी आहे. बाहेरून दुसरा, जहाल वंश आला, तर तो समेट त्याला लागू होणार नाही.

बेट म्हणजे चारही बाजूंनी समुद्र असलेली जमीन, ही भूगोलाची व्याख्या झाली. बेडकासाठी आंबोलीचा सडाही बेटच असतो. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर राहणारा एक लहानसा भेक २००९ मध्ये नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) घालून शास्त्रज्ञांनी जगासमोर आणला. अंगावर पट्टे असल्याने त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ, काही दिवसांत आटणाऱ्या डबक्यांत तो अंडी घालतो. लाल यादीत तो सर्वांत गंभीर वर्गात आहे. त्याचा सडा गेला, तर त्याला पोहून दुसरीकडे जाता येणार नाही. फेरेरेतच्या घळीसारखीच ही अवस्था. फरक एवढाच की आंबोलीत पावसाळ्यात बेडकांच्या अनेक जाती एकाच ओल्या जमिनीवर नांदतात आणि पाणी सतत वाहत असते. इथे कोणते डबके उपसणार? कोणत्या ओढ्यात औषध ओतणार? एका भेकाला बरे करण्यासाठी दहा जातींचे बेडूक, खेकडे आणि मासे मारायचे का? इलाज शक्य नाही, तेव्हा रोग येऊ न देणे एवढाच मार्ग राहतो. आरोग्याच्या भाषेत सांगायचे, तर इथे उपचाराची सोय नाही, फक्त लसीकरणासारखी आधीची खबरदारी आहे.

ती खबरदारी आपण घेतो का? आपली सवय उलटी आहे. काही ना काही सोडत राहणे, हे आपल्याला पुण्याचे काम वाटते. घरात वाढलेले परदेशी कासव मोठे झाले की ते देवळाच्या तळ्यात सोडायचे. मत्स्यालयाचा कंटाळा आला की मासे ओढ्यात. एका गावात पकडलेला प्राणी पन्नास किलोमीटरवरच्या जंगलात. प्रत्येक वेळी हेतू चांगला असतो. प्रत्येक वेळी त्या प्राण्याच्या अंगावरून, पिशवीतल्या पाण्यातून काय सोडले गेले, हे कोणी पाहत नाही.

सरकारी आरोग्य यंत्रणाही यातून सुटलेली नाही. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुशिया मासा हिवताप आटोक्यात आणण्यासाठी १९२८ मध्ये भारतात आणला गेला. हौद, बांधकामावरच्या टाक्या, बंद कारंजी, अशा माणसाने बांधलेल्या साठ्यांत त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण हा मासा डासांच्या अळ्या आणि बेडकाची भैकेरे यांत भेद करत नाही. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. नैसर्गिक तळ्यात, ओढ्यात तो सोडला, की तिथे डासांच्या अळ्या आणि किडे खाणाऱ्या इथल्या जिवांनाच आपण हुसकावतो. डेंग्यू-हिवतापाची भीती खरी आहे, तिला हसण्याचे कारण नाही. तरी मासे कुठे सोडायचे आणि कुठे नाही, याची रेघ प्रत्येक महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने स्पष्ट आखायला हवी. टाकीत हो, तळ्यात नाही, एवढी ती साधी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून चालणार नाही. इतके नियम लावले तर कोणी काही करणारच नाही, प्राणी वाट पाहत मरतील. फेरेरेतच्या बाबतीतही हे म्हणता येईल. जर्सीची वीण आणि पिल्ले सोडण्याचा कार्यक्रम झालाच नसता, तर आज भेकांची इतकी ठिकाणे नसती. हे पूर्ण खरे आहे. मायोर्काचा अनुभव हात बांधून बसायला सांगत नाही. तो हात धुऊन मग काम करायला सांगतो. शस्त्रक्रियागृहात संसर्ग होऊ शकतो म्हणून आपण शस्त्रक्रिया बंद केल्या नाहीत, हातमोजे आणले. प्राणी सोडण्याआधी ठरावीक दिवस वेगळे ठेवणे, कातडीचा फाया घेऊन तपासणी करणे, कोणता प्राणी कुठून आला आणि कुठे गेला याची वही ठेवणे, सोडल्यावर दोन-तीन वर्षे मोजणी करणे. यातले काहीही चंद्रावर जाण्याइतके अवघड नाही. कायट्रिडची तपासणी करू शकणाऱ्या प्रयोगशाळा देशात आहेत, म्हणून तर २०१३ चा तो अभ्यास होऊ शकला. कमी आहे ती सक्तीची.

सामान्य वाचकाच्या हातातही थोडे आहे. पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणी, माळशेज, कास अशा ठिकाणी आपण हौसेने जातो. एका डोंगरातला चिखल बुटाला लावून दुसऱ्या डोंगरात नेऊ नये. घरी आल्यावर बूट घासून धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत, कारण ही बुरशी कोरडेपणा सोसत नाही. सड्यावरच्या डबक्यात पाय घालून मुलांना बेडूक पकडून दाखवण्याचा मोह आवरावा. आणि घरातला पाळीव जलचर नकोसा झाला तर तो जंगलाला दान करू नये. जंगलाने तो मागितलेला नाही.

मायोर्काच्या भेकाचे संकट संपले असे मात्र समजू नये. पर्यटनाला पाणी लागते आणि डोंगरातले झरे त्याच पावसावर जगतात. उन्हाळे कडक झाले, पाऊस उशिरा आला, की घळीतली कुंडे भैकेरांना पाय फुटण्याआधीच आटू शकतात. ज्या दुर्गमतेने त्याला दोन हजार वर्षे वाचवले, तिथे आता दोर लावून घळीत उतरण्याचा खेळ खेळणारी माणसे पोहोचतात. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, इतर कोणत्याही पाठीचा कणा असलेल्या प्राणिगटापेक्षा जास्त. त्यातल्या फार थोड्यांना फेरेरेतसारखे प्रयोगशाळा, पाच वर्षे आणि चूक कबूल करणारे संशोधक मिळतील.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘तळ्यात मासे सोडण्याचा’ किंवा ‘वन्यजीवांना निसर्गात मुक्त करण्याचा’ कार्यक्रम जाहीर केला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांसारखे दोन-चार प्रश्न विचारावेत. हा प्राणी कुठून आणला? किती दिवस वेगळा ठेवला? कोणी तपासला? आणि पुढच्या वर्षी मोजायला कोण येणार? उत्तरे मिळाली, तर खुशाल टाळ्या वाजवाव्यात. नाही मिळाली, तर कार्यक्रम पुढे ढकलायला सांगावे. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू नये, एवढ्यासाठी.